इंग्लंडमधली डोंगरवाट आणि वाटेवरचे पब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईहून कुणी आलं, की लंडन पाहून झाल्यावर हमखास विचारतं, "आता इथली गावं कुठे बघायची?" मी शेफिल्डला राहते. माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे. सकाळच्या गाडीने एडेलला उतरा, डोंगर ओलांडून कॅसलटनला जेवा, ओढ्याच्या कडेने होपला जा आणि संध्याकाळी तिथून गाडी धरा. वाटेत तीन गावं आहेत आणि तिन्ही गावांत जुने पब आहेत. ही वाट पीक डिस्ट्रिक्टमधली, म्हणजे १९५१ साली जाहीर झालेल्या ब्रिटनच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानातली. पाहुण्यांनी, त्यांच्या आई-वडिलांनी आणि नव्याने राहायला आलेल्या विद्यार्थ्यांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत.

नेमकी वाट कशी आहे? किती चालावं लागतं?

एकूण अंतर अकरा-बारा किलोमीटर. चालायला चार तास धरा. जेवण, फोटो आणि वाटेत रेंगाळणं मिळून सहा-सात तास हाताशी ठेवा.

मँचेस्टर आणि शेफिल्ड यांच्यामध्ये होप व्हॅलीची रेल्वे आहे. शेफिल्डहून एडेल अर्ध्या तासाच्या आसपास आणि मँचेस्टरहून पाऊण तासाच्या आसपास. स्टेशनातून बाहेर पडलात की आधी उलट दिशेला दहा मिनिटं चालून गावात जाऊन या. तिथे ओल्ड नॅग्ज हेड नावाचा पब आहे, १५७७ सालचा. पेनाइन वे हा इंग्लंडमधला गाजलेला लांब पल्ल्याचा मार्ग याच पबापासून सुरू होतो. तो २६८ मैलांवर स्कॉटलंडमधल्या कर्क येथॉम गावात संपतो, तोही एका पबसमोरच. या देशात पायवाट आणि पब यांचं नातं किती जुनं आहे, ते एवढ्यावरूनच कळतं.

मग परत फिरून रस्ता ओलांडायचा, नोए नदीवरचा छोटा पूल पार करायचा आणि कुरणांतून हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीकडे चढायचं. एडेलला स्वतःचं चॅपल १६३० च्या दशकात मिळालं. तोवर गावात कुणी गेलं, की शवपेटी खांद्यावर घेऊन याच खिंडीतून कॅसलटनच्या चर्चला न्यावं लागे. अठराव्या शतकाच्या शेवटी एडेलमध्ये कापसाची गिरणी निघाली, तेव्हा कॅसलटनच्या बाया कामासाठी ही खिंड रोज ओलांडत. आपण हौसेने चढतो, त्या चालायच्या पोटासाठी. खिंडीत टेकलं की मला त्या आठवतातच.

खिंडीतून उजवीकडे वळून धारेवरून माम टोरचा माथा गाठायचा. धारेवर पाखाडी घातली आहे, आपल्या कोकणातल्यासारखीच, सपाट दगडांची. माथ्यावरून माम निकच्या बाजूने उतरलं, की ब्लू जॉन कॅव्हर्नपाशी एक मोडलेला डांबरी रस्ता लागतो. डोंगर सतत घसरतो म्हणून हा रस्ता १९७९ साली कायमचा बंद केला. रस्त्याचे थर पुठ्ठ्यासारखे फाटून उभे राहिलेत, आणि मधली पांढरी रेघ दोन-दोन हात वर-खाली झालेली दिसते. त्यावरून उतरत कॅसलटन. जेवून मग ओढ्याच्या कडेने अडीच किलोमीटर सपाट चाललं की होप. होपचं स्टेशन गावापासून वीसेक मिनिटं दूर आहे, तेवढा वेळ धरूनच पबमधून उठा.

आम्ही सह्याद्रीत राजगड-तोरणा करणारे. हा तर टेकडा वाटतो?

उंचीच्या हिशेबाने टेकडाच. माम टोर समुद्रसपाटीपासून ५१७ मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. चढ पावणेतीनशे-तीनशे मीटरचा, कातळ नाही, दोर नाही.

पण इथला पाऊस आपल्या पावसासारखा नाही. आषाढात आपण चिंब भिजतो आणि मजेत चालतो, कारण हवा उबदार असते. इथे भिजलात आणि धारेवर वारा लागला, की अर्ध्या तासात बोटं वाकेनाशी होतात. म्हणून जीन्स नको. ती पाणी धरून ठेवते आणि वाळत नाही. पाणी आत न येणारं जाकीट, आत लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, घोट्याला आधार देणारे बूट आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड एवढं तरी हवंच. मे महिन्यातही हातमोजे पिशवीत असू द्या. छत्री आणू नका, धारेवर ती उलटी होते.

डोंगर लहान असला तरी पाहायला भरपूर आहे. धारेच्या उत्तरेला एडेलचं खोरं आणि किंडर स्काउटचं काळपट पठार, दक्षिणेला कॅसलटनचा पांढरा चुनखडक. दोन वेगळ्या खडकांचे दोन प्रदेश एका धारेवरून दिसतात. माथ्याभोवती प्राचीन गढीचे मातीचे तट आहेत. गडकोटांवर हिंडलेल्या माणसाला ते ओळखायला वेळ लागत नाही.

आम्ही दारू पीत नाही. मग पबमध्ये कशाला जायचं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून नीट सांगते.

गावातला पब हा आपल्याकडचा बार नव्हे. 'पब्लिक हाउस' या शब्दाचं 'पब' हे लघुरूप, आणि तो शब्द जसा आहे तसाच घ्यायचा: सगळ्यांचं घर. डार्ट्सचा संघ, शिकारी कुत्र्यापासून लुटुलुटु चालणाऱ्या पिलापर्यंत गावची सगळी कुत्री, बारसं, मयतीनंतरचं जेवण, चालून आलेले वाटसरू, सगळं त्याच छपराखाली असतं. सकाळी कुठल्या गायीला वासरू झालं, ही बातमीही तिथेच कळते.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "दारूच्या गुत्त्यात मी पाऊल ठेवणार नाही." आम्ही खिंडीतून उतरलो तेव्हा पाऊस लागला होता. ती पबच्या दाराबाहेर वळचणीला उभी राहिली. आतून बाई आल्या, दार उघडं धरलं आणि म्हणाल्या, "कम इन, लव्ह, यू आर सोकिंग." वयाचा, रंगाचा, ओळखीचा काही प्रश्न नाही. शेफिल्डच्या बाजूला अनोळखी माणसालाही 'लव्ह' म्हणतात आणि डर्बीशायरमध्ये 'डक' म्हणतात. आई शेकोटीजवळच्या बाकावर बसली. पायाखाली दगडी फरशी, डोक्यावर इतकी खाली आलेली काळी तुळई, की वडिलांना वाकावं लागलं. बाईंनी न मागता तिचं ओलं जाकीट खुर्चीच्या पाठीवर शेकोटीकडे तोंड करून टांगलं. आईने चहा घेतला, गरम बटाट्याच्या फोडी खाल्ल्या आणि पाऊण तासाने म्हणाली, "ही तर धर्मशाळा आहे गं." त्यानंतर ती जेव्हा जेव्हा आली, तेव्हा तिनेच विचारलं, "या वेळी कुठल्या पबला जायचं?"

प्यायला लाइम अँड सोडा मागा, तो सगळीकडे मिळतो आणि स्वस्त असतो. जिंजर बिअर म्हणजे आल्याचं पेय, त्यात बहुधा दारू नसते, पण बाटलीवरचं लेबल वाचा, कारण दारू असलेलीही मिळते. एल्डरफ्लॉवरचं सरबत, कॉफी, चहा, बिनदारूची बिअर हेही असतं. नळाचं पिण्याचं पाणी गिऱ्हाइकाला फुकट देणं परवानाधारक पबला कायद्याने बंधनकारक आहे, ते मागायला संकोच नको. बिअर न घेणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही. इतक्या वर्षांत मला एकदाही कुणी "का नाही घेत?" असं विचारलेलं नाही.

दुसऱ्याच्या शेतातून चालायचं? शेतकरी हटकत नाही का?

नाही, कारण ती वाट तुमच्या हक्काची आहे. आपल्याकडे वहिवाटीचा हक्क म्हणतात ना, तोच प्रकार, फक्त सगळ्या जनतेसाठी. जमीन शेतकऱ्याची, पण तिच्यावरून जाणारी सार्वजनिक पायवाट सर्वांची. ती वाट एकदा कायद्याने ठरली, की रीतसर आदेश निघेपर्यंत कुणाला बंद करता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटा सुमारे १,४०,००० मैल आहेत. परदेशी पाहुण्यालाही त्यांवर तेवढाच हक्क आहे.

वाटांबाहेरच्या मोकळ्या माळावर आणि पठारावर हिंडायचा हक्क मात्र भांडून मिळालेला आहे, आणि त्या भांडणाची जागा तुम्हाला याच धारेवरून समोर दिसते. किंडर स्काउटचं पठार शंभर वर्षांपूर्वी रानकोंबड्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेलं होतं. सहा दिवस गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या मँचेस्टर-शेफिल्डच्या कामगारांना रविवारी तिथे पाय ठेवायला बंदी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रोथमन या विशीतल्या तरुणाच्या पुढाकाराने सुमारे चारशे माणसं हेफिल्ड गावातून निघाली आणि बंदी मोडून वर चढली. राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. त्या शिक्षेने चळवळ दबली नाही, उलट वाढली. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि २००० साली डोंगर-माळांवर मुक्तपणे चालण्याचा कायदा. २००२ साली, सत्तराव्या स्मृतिदिनाच्या सोहळ्यात, त्या शिकारीच्या जमिनीच्या मालक घराण्यातल्या, डेव्हनशायरच्या तेव्हाच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या काळातल्या त्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली.

ज्या १९३२ साली ही माणसं तुरुंगात गेली, त्याच साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण आपली माणसं या देशात रुजायला लागली, तेव्हा इथल्या कामकरी माणसालाही त्याच्याच डोंगरावर जागा नव्हती, हे मला विसरावंसं वाटत नाही. त्या वाटेवर चालताना आपण कुणाच्या मेहेरबानीवर चालत नसतो. तसंच पबचंही आहे. वाट पब्लिक आणि घरही पब्लिक.

वाट कशी ओळखायची?

खांबांवर आणि फाटकांवर बाण असतात. पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट. निळा म्हणजे चालणारे, घोडे आणि सायकली. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल १ क्रमांकाचा, १:२५,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावर सार्वजनिक वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात आणि पबसाठी निळ्या पेल्याची खूण असते. नकाशा मोबाइलवर घेतलात तर आधीच उतरवून ठेवा, कारण एडेलच्या खोऱ्यात रेंज जाते.

गायी, मेंढ्या, फाटकं यांचं काय?

इथली कुरणं गडग्यांनी विभागलेली असतात. चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड रचून उभ्या केलेल्या या भिंती पाहिल्या, की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. गडग्यावर कुठेही चढू नका, एक दगड निसटला की रांग ढासळते. चढून उतरण्यासाठी बाहेर आलेले पायरीचे दगड असतात, त्याला स्टाईल म्हणतात. काही ठिकाणी एका वेळी एकच माणूस जाईल असं अर्धगोल कठड्यातलं हलतं फाटक असतं, त्यातून गुरं जाऊ शकत नाहीत.

फाटक बंद असेल तर तुमच्या मागे बंद करा, आणि शेतकऱ्याने मुद्दाम उघडं ठेवलं असेल तर उघडंच असू द्या. गुरं पाण्यावर जाण्यासाठीही ते उघडं ठेवलेलं असू शकतं.

मेंढ्या स्वतःहून दूर जातात. गायीच्या बाबतीत मात्र आपली सवय बाजूला ठेवा. गोमातेला हात लावून नमस्कार करायला जाऊ नका. इथल्या कुरणातल्या गायींना माणसाची सवय नसते, आणि गाय व वासरू यांच्या मधून गेलात तर ती अंगावर येते. लांबून वळसा घाला. बरोबर कुत्रं असेल तर ते दोरीला हवंच. मोकळ्या माळावर १ मार्च ते ३१ जुलै हा कायद्यानेच बंधनकारक काळ आहे, कारण पक्षी तेव्हा जमिनीवर घरटी करतात.

पबमध्ये शिरल्यावर काय करायचं? वेटर येतच नाही!

येणारच नाही. आपण उठून बारपाशी जायचं, मागायचं, पैसे द्यायचे, पेला स्वतः घेऊन यायचं. जेवणही बहुधा तिथेच सांगायचं. त्यासाठी आधी टेबलाचा नंबर बघून ठेवा, तो लाकडावर कोरलेला किंवा पितळी बिल्ल्यावर असतो. जेवण मात्र टेबलावर आणून देतात.

बारपाशी रांग दिसत नाही, पण ती असते. कोण आधी आलं हे पलीकडच्या माणसाच्या डोक्यात पक्कं असतं. हात हलवणं, नोट दाखवणं, "एक्स्क्यूज मी" म्हणून ओरडणं हे इथे उद्धटपणाचं समजतात. नजरानजर झाली की पुरे. आणि त्याने चुकून तुम्हाला आधी विचारलं, तर शेजारच्याकडे बोट करून "यांचा नंबर आहे" म्हणा. हे एक वाक्य बोललात की गावकरी तुमच्याशी बोलायला लागतात. मी हे खूप वेळा पाहिलंय.

चौघं-पाचजण असाल तर प्रत्येकाने वेगळं मागायचं नाही. एकाने सगळ्यांचं आणायचं, पुढच्या खेपेला दुसऱ्याने. याला राउंड म्हणतात. शेवटी गणित मांडत बसू नये. तुम्ही पेयं घेतली आणि परतफेड न करता निघालात, तर ते लक्षात राहतं.

टीप देण्याची सक्ती नाही. सेवा आवडली तर पैसे देताना "अँड वन फॉर युवरसेल्फ" म्हणतात. म्हणजे एका पेल्याची किंमत पलीकडच्याने स्वतःसाठी घ्यावी. रिकामे पेले उठताना बारवर नेऊन ठेवलेत तर तोंडभर आभार मिळतात.

आपला डबा पबमध्ये उघडायचा नाही. चकली-थेपले माथ्यावर खा, तिथे ते जास्त चवदार लागतात.

बिअर घ्यायची असेल तर कुठली मागू? ती कोमट असते म्हणे?

कोमट नसते. तळघराच्या थंडाव्याची असते, ११ ते १३ अंश सेल्सिअस. बर्फगार लागरची सवय असलेल्या जिभेला ती कोमट वाटते. कास्क एल, म्हणजे पिंपातली पारंपरिक इंग्लिश बिअर, ही पिंपातच शेवटची आंबत असते, म्हणजे जिवंत असते. ती फार गार केली तर तिची चवच मरते.

बारवर उंच लाकडी दांडे दिसतील ते हातपंप. दांडा ओढून तळघरातल्या पिंपातून बिअर वर आणतात. अशी बिअर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या कंपन्यांच्या वायू भरलेल्या बिअरपुढे नामशेष व्हायला आली होती. १९७१ साली चार मित्रांनी कॅम्रा ही ग्राहक चळवळ सुरू केली आणि तिच्या रेट्याने ती टिकली. दांड्यावरच्या बिल्ल्यावर नाव आणि टक्के लिहिलेले असतात. पहिल्यांदा घेत असाल तर साडेतीन-चार टक्क्यांची बिटर, म्हणजे किंचित कडवट एल, घ्या. चव बघायला थोडीशी मागितली तर आनंदाने देतात. 'पिंट' म्हणजे ५६८ मिलिलिटर, जवळजवळ बाटलीभर बिअर. 'हाफ' मागा, त्यात कमीपणा नाही.

इंडिया पेल एल या नावात आपलाही वाटा आहे. कडवट, भरपूर हॉप (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घातलेली ही बिअर एकोणिसाव्या शतकात मुंबई-कोलकात्याला जहाजांतून पाठवत, आणि बर्टन अपॉन ट्रेंट हे गाव त्या व्यापाराने मोठं झालं. होपहून बर्टन फार लांब नाही.

काटेकोर शाकाहारी असाल तर एक गोष्ट ऐका. पिंपातली बिअर निवळण्यासाठी परंपरेने माशाच्या पोटातल्या वायुपिशवीपासून केलेला आयसिंग्लास वापरतात. हल्ली त्याशिवायच्याही पुष्कळ निघतात, त्यांवर 'व्हीगन' लिहिलेलं असतं. चालत नसेल तर विचारूनच घ्या.

शाकाहाऱ्यांना खायला मिळतं का?

मिळतं, आणि पूर्वीपेक्षा खूप चांगलं मिळतं. पण शब्दांत फसू नका. इथल्या 'व्हेजिटेरियन'मध्ये अंडं बसतं. अंडं चालत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, किंवा 'व्हीगन' पदार्थ निवडा.

चिप्स म्हणजे बटाट्याच्या जाड फोडी. उत्तर इंग्लंडमध्ये, विशेषतः यॉर्कशायरकडे, त्या गोमांसाच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत आहे. पुष्कळ पब आता वनस्पती तेल वापरतात, पण त्याच कढईत मासेही तळतात. हे दोन्ही प्रश्न विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. तपकिरी ग्रेव्ही बहुधा मांसाच्या रसाची असते. वुस्टरशायर सॉसमध्ये मासे असतात, आणि चीज टोस्टवर तो शिंपडलेला असू शकतो. काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेलं असतं. बारवरच्या खारट कुरकुरीत 'पोर्क स्क्रॅचिंग्ज'च्या पुड्या म्हणजे डुकराची कातडी. बटाट्याचे वेफर्स समजून मुलांनी त्या उचललेल्या मी पाहिल्यात.

बिनधोक पर्याय म्हणजे भाजलेला अख्खा बटाटा, वर लोणी, बीन्स किंवा चालत असेल तर चीज. रविवारी रोस्ट असतो, आणि मांसाऐवजी सुकामेव्याचा नट रोस्ट बहुतेक ठिकाणी मिळतो. मांसाहारी असाल तर 'पाय' (pie), म्हणजे पिठाच्या कवचात भाजलेलं सारण, घ्या, त्यातही एल घालून शिजवलेल्या मांसाचा. आणि कुणीही असलात, अंडं चालत असलं, तर शेवटी स्टिकी टॉफी पुडिंग घ्याच. खजूर घातलेला गरम केक आणि वर वाहता टॉफीचा पाक. दोन चमचे मागा.

कधीही गेलं तर जेवण मिळेल ना?

नाही! पब उघडा असतो, पण स्वयंपाकघर उघडं असेलच असं नाही. दुपारी बारा ते दोन-अडीच आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ-नऊ, असा खेड्यांत सर्वसाधारण हिशेब. सोमवार-मंगळवारी काही ठिकाणी चूल पेटतच नाही. आम्ही एकदा सहा माणसं, दोघं लहान मुलं, पावणेतीनला एका गावात पोचलो. स्वयंपाकघर पंधरा मिनिटांपूर्वी बंद झालं होतं. वेफर्सच्या पुड्यांवर आणि उरलेल्या दोन दशम्यांवर मुलांना भागवावं लागलं. तेव्हापासून मी आदल्या दिवशी फोन करते, आणि सकाळी निघताना एकच वेळ डोक्यात ठेवते: एक वाजता कॅसलटन. रविवारी तर टेबल राखल्याशिवाय जाऊच नका.

मुलांना आत घेतात का?

मोठ्यांबरोबर असतील तर बहुतेक ठिकाणी घेतात, काही ठिकाणी रात्री ठरावीक वेळेनंतर नाही. दारू विकत घ्यायचं वय १८. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांबरोबर बसून जेवताना बिअर, वाइन किंवा सायडर घेता येते, पण ती विकत मोठ्यांनीच घ्यायची. तुम्ही पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतील. विद्यार्थ्यांनो, पासपोर्ट किंवा इथलं लायसन्स जवळ ठेवा.

चिखलाने भरलेल्या बुटांनी आत जाता येतं?

दाराशी बूट खरवडायची लोखंडी पट्टी असते, तिथे घासून घ्या. दगडी फरशीच्या खोलीत बूट चालतात, गालिचा असलेल्या खोलीत नाही. मोजे घालून बसलेली माणसं दिसतील, तुम्हीही तसं बसा. काठ्या आणि ओल्या पिशव्या वाटेत टाकू नका.

गाडीने आलो तर?

या वाटेला गाडी आणूच नका. इथे सुरुवात एका गावात आणि शेवट दुसऱ्यात आहे, आणि रविवारी एडेल-कॅसलटनमध्ये गाडी लावायला जागा नसते. गाडी असेलच, तर चालवणाऱ्याने काही घेऊ नये. इंग्लंडमध्ये कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम आहे. पण एका पेल्यानंतर आपण कुठे आहोत, हे कुणालाच नेमकं सांगता येत नाही, आणि हे रस्ते अरुंद, वळणाचे, मेंढ्यांनी भरलेले असतात.

चालतानाही हाच विचार करा. डोंगर आधी, पेला नंतर. मी वाट अशी आखली आहे, की चढ आणि उतार दोन्ही जेवणाआधी संपतात आणि पुढे सपाट ओढाकाठ उरतो, तो याचसाठी.

कुठल्या महिन्यात यावं?

मे आणि सप्टेंबर माझे आवडते. मेमध्ये कुरणांत कोकरं असतात आणि उजेड नऊ-साडेनऊपर्यंत टिकतो. २९ मे रोजी कॅसलटनमध्ये गारलंडचा सण असतो. एक माणूस राजा होऊन, कमरेपर्यंत घंटेच्या आकाराच्या फुलांच्या सांगाड्यात झाकलेला, घोड्यावरून गावातल्या पबापबांसमोरून फिरतो. शेवटी तो फुलांचा वजनदार सांगाडा चर्चच्या मनोऱ्यावर दोराने चढवतात. ऑगस्टच्या शेवटी हेदर नावाचं झुडूप फुलतं, आणि किंडरची काळी बाजू जांभळी होते. ते पाहून कासच्या पठाराची आठवण येतेच.

डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. तेव्हा आलात तर धार सोडा, फक्त कॅसलटन ते होप चाला आणि शेकोटीजवळ जास्त वेळ बसा.

वर अडकलो, कुणाला लागलं तर?

९९९ फिरवा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. येणारी माणसं बिनपगारी स्वयंसेवक असतात, आपली कामं टाकून आलेली. रेंज कमी असेल तर मेसेज जाऊ शकतो, त्यासाठी घरूनच ९९९ वर 'रजिस्टर' असा मेसेज पाठवून नोंदणी करून ठेवा. शिट्टी जवळ ठेवा. मिनिटात सहा वेळा फुंकायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा फुंकायची. माथ्यावर धुकं उतरलं तर धारेच्या कॅसलटनकडच्या कड्याजवळ जाऊ नका. आल्या पाखाडीने परत फिरा.

पबांची नावं अशी का? पाट्यांवर चित्रं का असतात?

१३९३ साली दुसऱ्या रिचर्ड राजाच्या काळात एल विकणाऱ्याने पाटी लावणं बंधनकारक झालं. लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रं: घोडा, बैल, किल्ला, सिंह. 'रॉयल ओक' नावाचे पब देशभर दिसतील. १६५१ साली लढाई हरलेला दुसरा चार्ल्स बॉस्कोबेलच्या ओक वृक्षात लपून वाचला, त्याची ती आठवण.

गावातले पब बंद पडतायत असं ऐकलं. खरं आहे?

खरं आहे, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. बिअरवरचा कर, विजेची बिलं, सुपरमार्केटातली स्वस्त बिअर, आणि गावातली घरं सुट्टीपुरती येणाऱ्यांनी विकत घेणं, ही सगळी कारणं एकत्र आली आहेत. पब गेला की खेड्यात संध्याकाळी माणसांनी भेटायची जागा बहुधा उरत नाही. दुकान आधीच गेलेलं असतं, पोस्टही.

काही गावांनी हार मानलेली नाही. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावच्या लोकांनी २००३ साली आपला ओल्ड क्राउन पब सहकारी पद्धतीने विकत घेतला, ब्रिटनमधला असा पहिला. साखर कारखान्यापासून दूधडेरीपर्यंत सहकार पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २०११ च्या कायद्याने गावाला आपला पब 'समाजाची मत्ता' म्हणून नोंदवता येतो. मग मालकाने तो विकायला काढला, की बोली लावण्यासाठी गावाला मुदत मिळते.

आपण पाहुणे काय करू शकतो? उन्हाळ्यातल्या रविवारी पब भरलेलेच असतात. नोव्हेंबरातल्या पावसाळी बुधवारी दुपारी आलेली चार माणसं मात्र त्या दिवशीचं स्वयंपाकघर चालवतात. इथे राहत असाल तर आडवारी, आडमोसमात जा. नुसतं शौचालय वापरून निघू नका, एक चहा तरी घ्या. आणि सहा माणसांचं टेबल राखलंत आणि पावसामुळे घरीच राहायचं ठरलं, तर सकाळी दहाच्या आत फोन करून तसं कळवा. तोवर त्यांनी तुमच्यासाठी बटाटे सोलायला घेतलेले नसतात.